पडद्यावरच्या ग्रामोफोनला गाते करणारे केशवराव

जुन्या काळावरील चित्रपटात ग्रामोफोन आज केवळ शोभेपुरता उरला आहे. मात्र १९३७ मध्ये पुण्याच्या 'प्रभात'ने 'कुंकू' या चित्रपटात घरातल्या वस्तूंनाच संगीताची जबाबदारी दिली. त्या प्रयोगामागे उभे असलेले संगीतकार, समीक्षक आणि लेखक केशवराव भोळे यांच्या कार्याचा हा परिचय.

पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन कोपऱ्यात ठेवला, की काळ आपोआप जुना होतो, असा चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिकांच्या दुनियेतला एक रूढ समज आहे. वाड्याचा दिवाणखाना, नक्षीदार टेबल, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी आणि शेजारी चकचकीत कर्णा, एवढी मांडामांड झाली की प्रेक्षकाने स्वतःला स्वातंत्र्यपूर्व काळात गेलेला समजावे, अशी अपेक्षा असते. नायिका तबकडीवर पिन ठेवते आणि दुसऱ्याच क्षणी चाळीस-पन्नास वाद्यांचा ताफा खणखणीत वाजू लागतो. त्या आवाजाचा त्या यंत्राशी काही संबंध आहे का, हा प्रश्न ना दिग्दर्शकाला पडतो, ना प्रेक्षकाला. ग्रामोफोन तेथे फुलदाणीसारखा ठेवलेला असतो.

हा प्रश्न पुण्यातील एका संगीतकाराला मात्र फार पूर्वीच पडला होता. पडद्यावर जे ऐकू येते ते नेमके कोठून येते, याचा विचार करणारा हा माणूस म्हणजे केशव वामन भोळे. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'संत ज्ञानेश्वर', 'रामशास्त्री' अशा चित्रपटांचे संगीतकार म्हणून त्यांचे नाव चित्रपटांच्या इतिहासात पक्के आहे. तरीही पुण्यातल्या नव्या पिढीला भोळे हे आडनाव ओळखीचे वाटते ते बहुधा टिळक रस्त्यावरील हिराबागेजवळच्या ज्योत्स्ना भोळे सभागृहामुळे. ज्योत्स्नाबाई या केशवरावांच्या पत्नी. पत्नीची कीर्ती त्यांच्या मधुर गळ्यामुळे घरोघरी पोचली. पतीचे काम मात्र ऐकणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये, अशा स्वरूपाचे होते.

डॉक्टरी राहिली, गाणे राहिले नाही

केशवरावांचा जन्म १८९६ मधला, अमरावतीचा. विदर्भातल्या या मुलाने डॉक्टर व्हावे, या हेतूने वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग धरला गेला. परंतु तो काळ मराठी संगीत नाटकाच्या भरभराटीचा होता. किर्लोस्कर नाटक मंडळी, त्यातून १९१३ मध्ये बाहेर पडलेली गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श यांनी शहरे भारून टाकली होती. नाटकाच्या जाहिराती पाहून विद्यार्थी वर्ग सोडत होते आणि पदे ऐकून घरी परतताना पहाट होत होती. या ओढीपुढे वैद्यकाचा अभ्यास टिकला नाही. शिक्षण अर्धवट राहिले आणि केशवराव रंगभूमीकडे वळले.

त्या काळच्या सुशिक्षित घरांत हा निर्णय सहज स्वीकारला जाण्यासारखा नव्हता. नाटकात जाणे म्हणजे वाया जाणे, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी होती. केशवरावांच्या बाबतीत अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचाही उपयोग झाला असे त्यांचे लेखन वाचताना वाटते. लक्षणे पाहावीत, कारण शोधावे आणि मग निदान करावे, ही सवय त्यांनी गाण्याला लावली. गाणे आवडले की वाहवा करून मोकळे व्हायचे, हा त्यांचा स्वभाव नव्हता. ते का आवडले आणि कोणत्या जागी आवडले, हे त्यांना सांगता यावे लागे.

टोपणनाव 'एकलव्य'

याच वृत्तीतून त्यांची संगीतसमीक्षा आकाराला आली. 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी तत्कालीन नामवंत गायकांवर लेख लिहिले. गुरूने समोर बसवून न शिकवताही विद्या मिळवणाऱ्या महाभारतातल्या शिष्याचे नाव एका समीक्षकाने घ्यावे, यात बरेच काही आले. मराठीत गाण्यावर लिहिणारे त्याआधीही होते; परंतु गायकाचा आवाज, त्याचा दम, त्याची लयीची जाण आणि त्याच्या मर्यादा यांचे स्वतंत्रपणे परीक्षण करणारे लेखन विरळ होते. केशवरावांनी ते सातत्याने केले.

त्या लेखनाचे मोल आज अधिक जाणवते. याचे कारण ग्रामोफोनमध्येच सापडते. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरुवात झाली आणि पुढे असंख्य गायक-गायिकांचे आवाज तबकडीवर उतरले. अब्दुल करीम खाँ यांचे गाणे आपण आजही ऐकू शकतो, ते या तबकड्यांमुळे. परंतु जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ किंवा बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले यांचा आवाज आपल्यापर्यंत ध्वनिमुद्रणातून पोचलेलाच नाही. अशा गायकांविषयी पुढच्या पिढ्यांना जे काही कळते, ते शिष्यांच्या गळ्यातून आणि जाणकार कानांनी केलेल्या टिपणांतून. तबकडी जेथे नव्हती, तेथे केशवरावांसारख्यांची लेखणी होती.

तीन मिनिटांचे गाणे

तबकडीने गाण्याचे रूपही बदलले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी ही तबकडी प्रामुख्याने लाखेपासून बनत असे आणि ती लाख मोठ्या प्रमाणावर भारताच्याच जंगलांतून जगभर जात होती. यंत्राला वीज लागत नसे. हाताने किल्ली द्यायची, आतली स्प्रिंग ताणली जायची आणि ती सुटत जाईल तसतशी तबकडी फिरत राहायची. किल्ली संपत आली की वेग मंदावे आणि गायिकेचा स्वर हळूहळू खाली घसरे. पोलादी पिन झिजत असल्याने ती वरचेवर, काटेकोर घरांत तर प्रत्येक बाजूला बदलावी लागे.

या तीन मिनिटांच्या चौकटीत नाट्यपद बसवणे म्हणजे मोठ्या पाखराला छोट्या पिंजऱ्यात घालण्यासारखे होते. रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत जे पद अर्धा तास रंगे, त्याला तबकडीवर आलाप आटोपता घ्यावा लागे. पण याच चौकटीने मराठीला एक नवा प्रकारही दिला. कवितेचा अर्थ सांभाळणारे, मोजक्या सुरावटीचे, तीन-चार मिनिटांत पूर्ण होणारे भावगीत हे ग्रामोफोनच्या आणि पुढे नभोवाणीच्या काळाचे अपत्य. केशवराव या प्रकाराच्या पहिल्या शिल्पकारांपैकी एक होत.

येथे ज्योत्स्नाबाई त्यांच्या आयुष्यात आल्या. १९१४ मध्ये गोव्यातील बांदिवडे येथे जन्मलेल्या दुर्गा केळेकर यांच्या गळ्यात उपजतच गोडवा होता. १९३२ मध्ये त्यांचा केशवरावांशी विवाह झाला आणि त्या ज्योत्स्ना भोळे झाल्या. केशवरावांच्या चाली आणि ज्योत्स्नाबाईंचा गळा हा योग भावगीताला मानवला. शब्द स्पष्ट उमटले पाहिजेत, तान आली तरी ती कवितेच्या ओळीला खाऊन टाकता कामा नये, हा केशवरावांचा आग्रह. गाणाऱ्याने आपले कसब दाखवण्यापेक्षा ऐकणाऱ्याला अर्थ पोचवावा, हे सूत्र पुढे त्यांनी नाटकातही आणले आणि चित्रपटातही.

'आंधळ्यांची शाळा'

१ जुलै १९३३ हा दिवस मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदला गेला आहे. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक त्या दिवशी मुंबईत रंगमंचावर आणले. नॉर्वेचे नाटककार ब्यॉर्नसन यांच्या नाटकावर आधारलेली ही कृती श्री. वि. वर्तक यांनी मराठीत आणली होती. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची प्रथा येथे मोडली आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. ज्योत्स्नाबाई त्यांत होत्या. पल्लेदार स्वगते, रंगवलेले पडदे आणि पदांची खिरापत यांना फाटा देण्यात आला होता. संगीत केशवरावांचे होते.

डझनावारी पदांची सवय असलेल्या प्रेक्षकांपुढे मोजकीच गाणी ठेवणे हे धाडस होते. पात्राला गावेसे वाटेल अशाच जागी गाणे यावे, एरवी येऊ नये, असा विचार त्यामागे होता. गाण्याच्या जोडीला प्रसंगाचा भाव उचलून धरणाऱ्या पार्श्वसंगीताचाही उपयोग येथे करण्यात आला. मराठी रंगभूमीला हे नवे होते. पात्राच्या तोंडचे गाणे आणि प्रसंगाला बाहेरून दिलेली स्वरांची साथ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याची जाणीव केशवरावांना या नाटकात झालेली दिसते. चारच वर्षांनी 'कुंकू'त त्यांनी दुसरी गोष्ट काढूनच टाकली, तेव्हा ती काय करते हे त्यांना ठाऊक होते.

प्रभातनगरीत

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार. आज विधी महाविद्यालय रस्त्यावर जेथे फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, तेथे तेव्हा माळरान होते. त्या माळावर भव्य कलागार उभा राहिला आणि १९३४ मध्ये 'अमृतमंथन' हा प्रभातचा पुण्यातील पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे संगीत केशवरावांकडे आले. कोल्हापूरच्या दिवसांत प्रभातचे संगीत गोविंदराव टेंबे यांनी सांभाळले होते. पुण्यात ती धुरा केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव या दोघांनी वाहिली.

बोलपटाला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. नाटकातली पदे उचलून कॅमेऱ्यासमोर गायली की झाले, अशी अनेकांची समजूत होती. गाण्याच्या वेळी वादक पडद्याबाहेर, पण मायक्रोफोनच्या टप्प्यात बसत. कधी झाडामागे, कधी खांबाआड. जंगलात गाणाऱ्या नायिकेला ऑर्गन आणि तबल्याची साथ कोण करतो, असे कोणी विचारत नसे.

१९३६ मध्ये आलेल्या 'संत तुकाराम'ने या प्रश्नाचे एक उत्तर दिले. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले होते. वीणा, टाळ, मृदंग ही वारकऱ्यांच्या हातातली वाद्ये पडद्यावर दिसतात आणि अभंग त्यांच्याच साथीने उमलत जातो. गौरी यांनी साकारलेली आवली काम करता करता गुणगुणते, तेव्हा तिच्या गाण्याला कामाची लय असते. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना तर इतकी एकजीव झाली, की ती प्रत्यक्ष तुकोबांचीच असे अनेकांनी मानले. त्या श्रेयात केशवरावांच्या चालीचाही वाटा आहे. ती चाल 'रचलेली' वाटली असती, तर शब्दही नवे वाटले असते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला आणि मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला.

'कुंकू' : घरच झाले वाद्यवृंद

वारकऱ्यांच्या मेळ्यात वाद्ये असणे स्वाभाविक होते. पण मध्यमवर्गीय वकिलाच्या घरात वाद्ये आणायची कोठून? ही अडचण १९३७ मध्ये 'कुंकू'ने उभी केली. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला. नीरा या तरुण, शिकलेल्या मुलीचे लग्न फसवणुकीने एका वृद्ध वकिलाशी लावले जाते आणि ती हे लग्न मनाने स्वीकारण्यास ठाम नकार देते, अशी ही कथा. नीरा शांता आपटे यांनी केली, तर काकासाहेब केशवराव दाते यांनी. शकुंतला परांजपे काकासाहेबांच्या सुधारक विचारांच्या मुलीच्या भूमिकेत होत्या. हिंदीत हाच चित्रपट 'दुनिया न माने' या नावाने निघाला.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. आज हे वाक्य वाचताना त्याचे फारसे नवल वाटत नाही. पण त्या काळच्या संगीतकाराच्या दृष्टीने हे स्वतःच्या हाताने स्वतःचे हत्यार म्यान करण्यासारखे होते. नायिकेचे डोळे भरून आले की व्हायोलिन, खलनायक आला की ढोल, असे तयार उपाय त्याच्या हाताशी होते. हॉलिवूडमध्ये त्याच सुमारास चित्रपटभर वाद्यवृंद वाजवण्याची पद्धत रुळत होती. 'कुंकू'त मात्र ऐकू येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. भिंतीवरचे घड्याळ टिकटिकते, ठोके देते आणि काकासाहेबांच्या उतरत्या वयाची आठवण करून देते. दुःख, संताप, लाज यांच्या मदतीला वाद्ये धावून येत नाहीत. नीराच्या एकटेपणाला शांतताच सोबत करते.

गाण्यांनाही हाच नियम. रस्त्यावरून गात जाणारा भिक्षेकरी रस्त्याच्याच सुरात गातो. मुलांचे गाणे मुलांच्या खेळासारखे राहते. आणि घरात ग्रामोफोन आहे, तर तो वाजला पाहिजे, त्याच्याकडून काम करून घेतले पाहिजे, असा विचार झाला. नीरा तबकडी लावते आणि तबकडीच्या साथीने गाते. वाद्ये कोठून वाजतात, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते. दिवाणखान्यातली ती वस्तू एका झटक्यात शोभेची राहत नाही. ती साथीदार होते.

या एका कल्पनेत किती गोष्टी साधल्या, ते पाहण्यासारखे आहे. नीरा ज्या घरात आली आहे, तेथे तिच्या मनाची भाषा बोलणारे कोणी नाही. गाणे ही तिची स्वतःची गोष्ट आहे, आणि त्या गाण्याला साथ करायला घरात माणूस नाही, यंत्र आहे. ग्रामोफोनमुळे घराची सांपत्तिक स्थिती कळते, काळ कळतो आणि नीराचे एकाकीपणही कळते. संवादाच्या दोन पानांचे काम एका फिरत्या तबकडीने केले. याच चित्रपटात शांता आपटे यांनी अमेरिकन कवी लाँगफेलो यांची 'अ साम ऑफ लाइफ' ही इंग्रजी कवितादेखील गायली आहे. नऊवारीतल्या मराठी मुलीच्या तोंडी इंग्रजी गाणे, आणि तेही विनोदासाठी नव्हे, ही त्या काळात धक्का देणारी गोष्ट होती. जगणे म्हणजे निमूट सोसणे नव्हे, असे सांगणारी ती कविता नीराच्या स्वभावाला शोभते. शिकलेल्या मुलीच्या हाती जे होते, पुस्तक आणि तबकडी, त्यांच्यातूनच तिची गाणी आली.

जगाच्या पाठीवर असा विचार करणारे इतरही होते. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्या 'एम' या १९३१ च्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. खुन्याची शीळ मात्र प्रेक्षकाचा पाठलाग करते. परंतु त्या चित्रपटात गाणी नव्हती. गाण्यांवाचून बोलपटाची कल्पनाच न करणाऱ्या देशात, गाणी ठेवूनही हा नियम पाळणे अधिक कठीण होते. ते पुण्यात घडले.

प्रॉपर्टी वाजवण्याची अवघड कला

चित्रीकरणात वस्तू नुसती दाखवणे आणि ती वापरणे यांत मोठे अंतर असते. ग्रामोफोनसारखी चालती वस्तू पडद्यावर घेतली, की अडचणींची मालिका सुरू होते. तबकडी फिरू लागली की पिन धरणारा दांडा कडेकडून मध्याकडे सरकत जातो. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांत चित्रित होत असल्याने प्रत्येक तुकड्यात तो दांडा योग्य जागीच हवा. नाही तर गाण्याच्या सुरुवातीला तो मध्यावर आणि शेवटी पुन्हा कडेला दिसायचा. किल्लीचा ताण कमी झाला तर स्वर उतरतो आणि सोबत गाणाऱ्याचा सूर बिघडतो. पिनेची खरखर मायक्रोफोनला मानवत नाही. पण ती पूर्णपणे काढून टाकली, तर आवाज ग्रामोफोनचा वाटत नाही.

शिवाय गाणाऱ्या नटीची स्वतंत्र पंचाईत असते. जिवंत साथीदार गायिकेसाठी थांबतो, तिचा श्वास ओळखतो, एखादी जागा लांबली तर सांभाळून घेतो. तबकडी कोणासाठी थांबत नाही. तिच्या वेगात, तिच्या पट्टीत, तिने सोडलेल्या जागेतच गावे लागते. शांता आपटे यांच्यासारखी तयारीची गायिका होती म्हणूनच असे प्रयोग पेलले. प्रभातचे चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघत असल्याने ही कसरत दोनदा करावी लागे.

आजच्या प्रॉपर्टी सांभाळणाऱ्यांपुढे निराळ्या अडचणी आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात कर्ण्याचे ग्रामोफोन विकायला मांडलेले दिसतात. पण त्यांतले पुष्कळसे नव्या पितळेचा कर्णा जुन्या किंवा नव्या पेटीवर बसवून तयार केलेले असतात. १९३० च्या दशकात घरोघरी पोचलेला ग्रामोफोन बहुतांशी कर्णा पेटीच्या आत दडवलेला, सुटकेससारखा बंद करून नेता येणारा होता. बाहेर कर्णा असलेली यंत्रे त्याआधीच्या पिढीतली. तरीही पडद्यावर १९४० सालचा प्रसंग असो वा १९५० चा, कर्णा हवाच असतो. लाखेच्या तबकडीऐवजी नंतरच्या काळातली प्लॅस्टिकची एलपी त्यावर फिरताना दिसते. पाहणाऱ्याला खटकत नाही, कारण ती वस्तू तेथे ऐकण्यासाठी नसतेच.

मागे राहिलेले काम

'कुंकू'नंतर 'माझा मुलगा', 'संत ज्ञानेश्वर', 'संत सखू' अशा चित्रपटांना केशवरावांनी संगीत दिले. १९४२ मध्ये व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. त्यानंतर १९४४ मध्ये आलेल्या गजानन जागीरदार यांच्या 'रामशास्त्री'चे संगीतही केशवरावांचेच. १९४५ मध्ये दामले यांचे निधन झाले, कंपनीची घडी विस्कटत गेली आणि १९५३ मध्ये प्रभातचे दरवाजे बंद झाले. हिंदी चित्रपटसंगीत तोवर दुसऱ्याच वाटेला लागले होते. वाद्यवृंद मोठा होत होता, पार्श्वगायनाने नटाचा गळा आणि नटाचा चेहरा यांची फारकत केली होती. स्वर कोठून येतो, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरले नव्हते.

केशवरावांनी पुन्हा लेखणी जवळ केली. 'माझे संगीत' या पुस्तकात त्यांनी आपल्या रचनांमागचा विचार मांडला. 'अस्ताई', 'अंतरा', 'वसंतकाकाची पत्रे' या पुस्तकांतून गाणे ऐकण्याची दृष्टी मराठी वाचकाला दिली. चित्रपटाला चाल देणारे अनेक झाले. पण ती चाल अशीच का दिली, याचा हिशेब लिहून ठेवणारे फार थोडे. तो हिशेब नसता, तर 'कुंकू'तली शांतता हा केवळ तंत्राच्या अपुरेपणाचा परिणाम होता, असेही कोणी म्हटले असते. पुढे केशवरावांचे निधन झाले. ज्योत्स्नाबाईंनी २००१ मध्ये जगाचा निरोप घेतला.

प्रभातचे कलागार ज्या आवारात होते, तेथे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि जुन्या चित्रपटांच्या जतनाचे काम सुरू झाले. २००३ मध्ये नायट्रेट रिळांच्या साठ्याला लागलेल्या आगीत मोठी हानी झाली. चित्रपटांचा वारसा किती नाजूक असतो, हे त्या घटनेने दाखवून दिले. सुदैवाने 'कुंकू' आजही पाहता येतो आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, ऐकता येतो.

जुने यंत्र मिळवणे आता फारसे अवघड नाही. पैसे मोजले की कर्णाही मिळतो आणि तबकड्यांची चळतही. अवघड आहे तो त्यामागचा आग्रह. कथेतल्या घरात एखादी वस्तू आहे, तर तिला त्या घरात काही काम असले पाहिजे, तिचा आवाज त्या घरातल्या माणसांच्या सुखदुःखाचा झाला पाहिजे, हा तो आग्रह. पुढच्या वेळी एखाद्या चित्रपटात नायिका तबकडीवर पिन ठेवताना दिसली, तर वाचकांनी क्षणभर डोळे मिटून ऐकावे. आवाज त्या पेटीतून येतो आहे असे वाटले, तर केशवराव भोळे यांनी दाखवलेल्या वाटेवर अजून कोणी तरी चालते आहे, असे खुशाल समजावे.